चक्राकार आवर्ती नक्षी : ठिपक्यांच्या रांगोळीपासून वेक्टर चित्रणापर्यंत

गुढीपाडव्यानिमित्त नाशिकच्या गोदाघाटावर साकारणारी महारांगोळी असो वा दारापुढील ठिपक्यांची रांगोळी, एकच आकृती केंद्राभोवती ठरावीक कोनातून फिरवून पुन्हा पुन्हा मांडणे ही या कलेतील एक मूलभूत रचना होय. हीच रचना इंकस्केप, कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर यांसारख्या वेक्टर चित्रण प्रणालींत करता येते. प्रस्तुत लेखात तिच्या कृतीचा विचार केला असून, पाकळ्यांची संख्या चित्रकार ठरवतो की त्याचे साधन, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे.

ठिपके चौरस जाळीत मांडल्यास जाळी ९० अंशांनी फिरवली असता ठिपक्यावर ठिपका येतो. समभुज त्रिकोणांच्या जाळीत हेच ६० अंशांना घडते. मात्र ७२ अंशांच्या परिवलनात ठिपक्यांची कोणतीही आवर्ती जाळी स्वतःशी जुळत नाही, हा स्फटिकशास्त्रातील सिद्ध नियम आहे. सदाफुली आणि चाफा ही अंगणातलीच फुले, दोन्हींना पाच पाकळ्या. तरी ठिपक्यांवरचे फूल चार, सहा किंवा आठ पाकळ्यांचे होते ते यामुळेच. (चौरस जाळीवरील आठांपैकी चार पाकळ्या उरलेल्या चारांहून किंचित निराळ्या असतात.)

संगणकाच्या पडद्यावर हे बंधन नाही. तथापि इंकस्केपमध्ये कंट्रोल कळ दाबून वस्तू फिरवल्यास ती मूळ मांडणीनुसार १५ अंशांच्या टप्प्यांनीच फिरते. पूर्ण फेऱ्यात असे २४ टप्पे. म्हणून चार, सहा, आठ, बारा पाकळ्या बिनचूक बसतात. पाच, सात, नऊ, दहा बसत नाहीत. विद्यार्थी आठ पाकळ्यांचे फूल काढतो तेव्हा निवड त्याची असते की कळफलकाची, हे शिक्षकाने अवश्य विचारावे.

पाच पाकळ्यांसाठी कोन अंकांत लिहावा लागतो. पाकळी एकदाच काढून तिच्यावर दुसऱ्यांदा टिचकी द्यावी. मध्यभागी दिसणारे अधिकचिन्ह हे परिवलनाचे केंद्र; ते ओढून फुलाच्या मध्यबिंदूवर न्यावे. ही पायरी राहिल्यास पाकळी स्वतःभोवतीच गिरकी घेते आणि नवशिक्याची फसगत होते. नंतर ‘क्रिएट टाइल्ड क्लोन्स’ या चौकटीत एक ओळ व पाच स्तंभ घेऊन, प्रत्येक स्तंभामागे आडवे सरकणे उणे १०० टक्के व परिवलन ७२ अंश द्यावे. उणे १०० टक्क्यांमुळे प्रती शेजारी सरकत नाहीत. त्या मूळ पाकळीशी जोडलेल्या असल्याने तिची कड बदलताच सारे फूल बदलते. इलस्ट्रेटरमध्ये रोटेट साधन घेऊन ऑल्ट कळीसह केंद्रावर टिचकी द्यावी, कोन लिहून ‘कॉपी’ निवडावे व कंट्रोल-डीने क्रिया पुन्हा करावी.

सात पाकळ्यांचा कोन ५१.४२८… अंश येतो. तो ५१ लिहिल्यास शेवटच्या व पहिल्या पाकळीत ३ अंशांची जादा फट उरते, ५१.४३ लिहिल्यास चूक केवळ ०.०१ अंशाची.

पाकळ्या एकमेकींवर चढत असतील तर आणखी एक अडचण उभी राहते. सातवी पाकळी सहावीच्या वर असते, म्हणून पहिलीच्याही वर येते. वास्तविक ती पहिलीखाली जावयास हवी. अशा वेळी पहिल्या पाकळीची प्रत सर्वांच्या वर आणून, सातवीला झाकणारा तेवढाच भाग ठेवून बाकीचा कापावा लागतो. हे काम टाइल्ड क्लोन्स करून देत नाही, ते हातानेच करावे लागते.