विश्लेषण : निसर्गात खरेच गणित असते का? बोरिवलीच्या जंगलात मुलांना ते कसे शोधता येईल?

फुलांच्या पाकळ्या, सूर्यफुलातील बिया, शंखाचे वळण… ‘सगळा निसर्ग फिबोनाची क्रमाने चालतो’ असे सांगणारे व्हिडीओ मुलांच्या मोबाइलवर सतत फिरत असतात. त्यातले खरे किती आणि ओढूनताणून जुळवलेले किती, हे मुंबई उपनगरांतील मुले स्वतः मोजून ठरवू शकतात. त्यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, रस्त्याकडेची झाडे आणि बाजारातला एक अननस पुरेसा आहे.

हा क्रम नेमका काय आहे?

१, २, ३, ५, ८, १३, २१… मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये सशांच्या कोड्यातून हा क्रम मांडला. त्याच्या सुमारे ५० वर्षे आधी गुजरातमधील जैन आचार्य हेमचंद्र यांनी छंदशास्त्रात तो नोंदवला होता. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. तीन मात्रांची ओळ ३ प्रकारे भरता येते, चार मात्रांची ५ आणि पाच मात्रांची ८ प्रकारे. पटत नसेल तर कागदावर लिहून पाहावे.

अननसात काय दिसते?

अननसाच्या सालीवरचे ‘डोळे’ तिरक्या ओळींत मांडलेले असतात. मार्करने एकेक ओळ रंगवत गेल्यास एका दिशेला सहसा ८ आणि दुसऱ्या दिशेला १३ ओळी भरतात. झाडाला गणित येत नाही. वाढत्या टोकावर नवा कोंब जिथे जास्त मोकळी जागा असेल तिथे फुटतो. त्यामुळे लागोपाठच्या दोन कोंबांमध्ये साधारण १३७.५ अंशांचा कोन राहतो आणि हे आकडे आपोआप तयार होतात.

मग हा नियम सगळीकडे लागू होतो का?

नाही. जास्वंद, बहावा, गुलमोहोर यांना ५ पाकळ्या असतात. पण महाराष्ट्राचे राज्यफूल तामण याला सहसा ६ असतात आणि ६ हा आकडा क्रमात नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने सामान्य नागरिकांना सूर्यफुले लावून त्यातील वळणे मोजायला सांगितले. ६५० हून अधिक फुलांची ही मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेक फुलांत फिबोनाची संख्या आढळल्या, पण सगळ्यांत नाही. न जुळणारे आकडेही जपून नोंदवले गेले, म्हणूनच हे कळले.

कारवीच्या ८ वर्षांचे काय?

राष्ट्रीय उद्यानातील कारवी २०१६ आणि त्यानंतर २०२४ मध्ये बहरली. पुढचा बहर २०३२ मध्ये अपेक्षित आहे. ८ हा आकडा क्रमात असल्याने संबंध जोडण्याचा मोह होतो. मात्र तिच्याच कुळातील, दक्षिणेतील नीलकुरिंजी १२ वर्षांनी फुलते (२००६, २०१८). १२ क्रमात बसत नाही. एकाच वेळी इतक्या बिया पडतात की खाणाऱ्या प्राण्यांना त्या संपवता येत नाहीत आणि काही बिया रुजतात, असे शास्त्रज्ञांचे स्पष्टीकरण आहे.

मुलांच्या नोंदींना महत्त्व का?

कारवी आयुष्यात एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळते. बहराआधीच एखादा उतार वणव्यात जळाला किंवा साफ केला गेला, तर तिथल्या बियांची पुढची पिढीच धोक्यात येते. शिवाय प्रत्येक डोंगरावरच्या कारवीचे वर्ष एकच असते असे नाही. २०२४ मध्ये सहा वर्षांचे असलेले मूल २०३२ मध्ये १४ वर्षांचे असेल. आज कोणत्या उतारावर किती दाट झुडपे आहेत याची तारीख घालून नोंद ठेवली, तर तेव्हा तुलना करता येईल.

उद्यानात काहीही तोडण्यास मनाई आहे. फूल झाडावर असतानाच पाकळ्या मोजाव्यात आणि एकाच जातीची किमान १० फुले पाहावीत. वहीत तीन रकाने पुरेत : झाडाचे नाव, मोजलेला आकडा आणि तो क्रमात आहे की नाही.