कळलावी नेमकी राहते कुठे?

पावसाळ्यात पेठ वडगावातून जोतिबाच्या दिशेने निघालात, तर शेतांच्या जुन्या कुंपणांवर नजर ठेवा. करवंदीच्या किंवा घाणेरीच्या जाळीतून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं डोकावली, तर ती कळलावी. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, लिनिअसने १७५३ मध्ये दिलेलं. घरात आणली की भांडणं लागतात म्हणे! तुमचं भांडण मात्र वहीतल्या ‘अधिवास’ या रकान्याशी होणार.

बहुतेक जण तिथे ‘कुंपण’ लिहून मोकळे होतात. पण कुंपण तिला नेमकं काय देतं? कळलावीचं खोड कमकुवत. पानाचं टोक लांब होऊन वळतं आणि शेजारची बारीक काडी पकडतं. ही पकड डार्विननेही अभ्यासली होती. म्हणजे वर बारीक फांद्या हव्यात. आणि खाली? तिथे असतो कंद, नांगरासारखा वाकडा, म्हणून तर संस्कृतात ‘लांगली’. गंमत अशी की खरा नांगर त्याला सोसत नाही. जुन्या काटेरी कुंपणाखालची हातभर जमीन कुणी नांगरत नाही, म्हणून तो टिकतो. जाळी तोडून तार ओढली आणि ऊस थेट कडेपर्यंत नेला, की वेलीला चढायला तार मिळेलही, पण कंदाची जागा जाते. तेव्हा रकान्यात आधाराची झुडपं, सावली आणि माती शेवटची कधी उकरली, हे सगळं लिहा. शेवटची गोष्ट शेतकऱ्यालाच विचारावी लागते.

आता माझी चूक सांगतो. माझी पहिली पाहणी जानेवारीत झाली. अख्ख्या रकान्यात ‘नाही, नाही, नाही’. पावसाळा सरला की वेल वाळून जाते, फक्त कंद जमिनीत झोपून राहतो, हे पुस्तकात वाचलेलं होतं. डोक्यात मात्र आलं नाही. त्या नोंदी मला कुठेच वापरता आल्या नाहीत. ‘दिसली नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे, आणि तो तारखेवरून ठरतो.

खात्रीसाठी कंद उकरू नका. एक तर वेल जाते. दुसरं म्हणजे त्यात कोल्चिसिन असतं, संधिवाताच्या एका प्रकारावर देतात आणि प्रयोगशाळेत गुणसूत्रं दुप्पट करायला वापरतात तेच. पोटात गेलं तर जीव घेऊ शकतं. पान-फूल हाताळल्यावरही हात धुऊनच डबा उघडा.

एकच कुंपण जुलैत आणि पुन्हा ऑगस्टअखेर बघा. दोन्ही वेळा दिसली नाही, तर तारखेसकट ‘दिसली नाही’ असं लिहा.