शहराचा सरपंच कोण निवडतो?



कापसाच्या कामासाठी, दवाखान्यासाठी, नाही तर मुलाच्या कॉलेजच्या कागदपत्रांसाठी आपल्यापैकी पुष्कळांना जळगावला किंवा धुळ्याला जावे लागते. जानेवारी २०२६ मध्ये या दोन्ही शहरांत महानगरपालिकेच्या निवडणुका झाल्या. चौकाचौकांत फलक लागले, गल्लीगल्लीतून रिक्षा ओरडत फिरल्या. ते सारे पाहून एक आबा गावी परतले आणि त्यांनी शाळेच्या गुरुजींना गाठले, असे आपण समजू.

आबा म्हणाले, "गुरुजी, आपल्या सरपंचाला आपण सरळ मत दिलं. मग शहरातल्या लोकांना महापौराचं बटन कुठं दाबायचं असतं हो?"

गुरुजी हसून म्हणाले, "आबा, ते बटनच नसतं."

आबांना हे खरे वाटेना. शहर एवढे मोठे, त्याचा पहिला नागरिक महापौर, आणि त्यालाच मत द्यायचे नाही? आबांची शंका रास्त होती. आज तिचाच उलगडा करू या.

आपल्या राज्यात गावाचा, छोट्या शहराचा आणि मोठ्या शहराचा कायदा वेगवेगळा आहे. गावात सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ साली आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. नगरपालिकेच्या नगराध्यक्षाचेही तसेच झाले. २०१६ मध्ये थेट निवड, २०२० मध्ये ती बंद, आणि २०२२ पासून पुन्हा थेट निवड. म्हणून डिसेंबर २०२५ मध्ये अमळनेर, चोपडा, भुसावळ, शिरपूर अशा ठिकाणच्या मतदाराने नगरसेवक निवडले आणि नगराध्यक्षासाठी वेगळे मतही दिले.

जळगाव आणि धुळे ही देखील एके काळी नगरपालिकेचीच शहरे होती. धुळ्याची नगरपालिका १८६२ सालची, जळगावची १८६४ सालची. २००३ साली दोन्ही ठिकाणी महानगरपालिका झाली. पाटी बदलली, तसा कायदाही बदलला. नगरपालिकांचा कायदा १९६५ चा, महानगरपालिकांचा १९४९ चा. या जुन्या कायद्याप्रमाणे मतदार फक्त नगरसेवक निवडतो. नगरसेवक एकत्र बसतात आणि आपल्यापैकी एकाला अडीच वर्षांसाठी महापौर करतात. मतदान गुप्त नसते; हात वर करून होते. महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी, स्त्रीसाठी की सर्वांसाठी, हे आधी सोडत काढून ठरलेले असते.

सगळ्या जगात असेच असते का? नाही. फिलिपाईन्स देशाचे उदाहरण घ्या. तिथल्या शहरात मतदार महापौराला मत देतो, उपमहापौराला वेगळे मत देतो आणि नगरमंडळाच्या सभासदांना वेगळी मते देतो. मुदत ३ वर्षांची. कारभार महापौर चालवतो आणि मंडळाच्या सभेत अध्यक्षस्थानी उपमहापौर बसतो. म्हणजे काम बिघडले तर कोणाला जाब विचारायचा, हे मतदाराला नावानिशी ठाऊक असते. त्यातही दोष आहेत. एकाच माणसाच्या, एकाच घराण्याच्या हाती शहर जाण्याची भीती असते. म्हणून तिथे लागोपाठ तीन मुदतींपेक्षा अधिक त्याच पदावर राहता येत नाही.

आपल्याकडे कारभाराची किल्ली महापौराच्या हाती नसते, ही गोष्ट पुष्कळ शहरवासीयांनाही ठाऊक नसते. प्रत्यक्ष अंमलबजावणी आयुक्त करतात आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमते. खर्चाचे मोठे प्रस्ताव १६ सभासदांच्या स्थायी समितीपुढे येतात. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, स्थायी समिती ते पाहते आणि शेवटची मंजुरी सर्वसाधारण सभा देते. कर किती घ्यायचा हेही तीच ठरवते. महापौर या सभेचे अध्यक्ष असतात. सभा दर महिन्याला एकदा तरी झाली पाहिजे. एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांश सभासदांनी ठराव केला, तर आयुक्तांना परत बोलवावे लागते. जळगावच्या ७५ सभासदांच्या सभागृहात याचा अर्थ किमान ४७ हात. तेव्हा खरी ताकद सभागृहाची आहे, आणि सभागृह घडवणारे हात मतदाराचे आहेत.

आता हे सभागृह घडते कसे ते पाहा. जळगावला ७५ जागा आहेत, धुळ्याला ७४. प्रत्येक शहराचे १९ प्रभाग आहेत आणि बहुतेक प्रभागांतून चार-चार नगरसेवक निवडले जातात. त्यामुळे मतदाराला एक नव्हे, चार मते द्यायची असतात. अ, ब, क, ड अशा चार जागा. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. कोणती जागा स्त्रियांसाठी, कोणती अनुसूचित जातीसाठी, कोणती नागरिकांच्या मागास प्रवर्गासाठी, हे ठरलेले असते. निम्म्या जागा स्त्रियांच्या. पण उभे कोणी राहायचे यावर बंधन असले, तरी मत कोणी द्यायचे यावर नाही. प्रभागातला प्रत्येक मतदार चारही जागांसाठी मत देतो. चारही उमेदवार एकाच पक्षाचे असावेत असाही नियम नाही. एखाद्या जागेवरचा कोणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटन आहे.

इथेच घोटाळा होतो. मतदार एका ओळखीच्या माणसासाठी केंद्रावर जातो आणि उरलेली तीन बटने सांगितली तशी दाबून येतो. पुढे महापौर कोण आणि स्थायी समितीत कोण, हे त्या तीन बटनांतून ठरते.

याचा धडा जळगावनेच दिला आहे. १ ऑगस्ट २०१८ रोजी तिथे मतदान झाले. भारतीय जनता पक्षाचे ५७, शिवसेनेचे १५ आणि एमआयएमचे ३ सभासद निवडून आले. महापौर ५७ च्या बाजूचा झाला. परंतु मार्च २०२१ मध्ये पुढच्या अडीच वर्षांसाठी निवड झाली, तेव्हा शिवसेनेच्या जयश्री महाजन यांना ४५ मते पडली आणि समोरच्या उमेदवाराला ३०. म्हणजे ज्यांच्याकडे १५ सभासद त्यांचा महापौर झाला. मधल्या काळात शहरात मतदान झाले नव्हते. एका पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या बऱ्याच सभासदांनी हात दुसरीकडे वर केला होता, एवढेच.

यात कोणाचे चूक, कोणाचे बरोबर, हे ठरवण्याचे हे ठिकाण नव्हे. कोणी म्हणेल, मतदाराचा कौल फिरवला. कोणी म्हणेल, काम होत नसेल तर सभासदाने बाजू का बदलू नये? पक्षांतराबद्दल १९८६ चा कायदा आहे, पण त्याची वाट तक्रार, सुनावणी आणि अपील अशी लांबची असते. आपण यातून एकच गोष्ट घ्यायची. फलकावरचा मोठा चेहरा पाहून दिलेले मत त्या चेहऱ्याला पोचत नाही. ते पोचते आपल्या प्रभागातल्या माणसाला, आणि पुढे हात कुठे वर करायचा ते तोच ठरवतो.

आबांनी मध्येच विचारले, "मग गुरुजी, सभागृहच नसलं तर?"

आबा, तेही घडले आहे. घटनेप्रमाणे महानगरपालिकेची मुदत ५ वर्षांची, आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. जळगावची मुदत सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, धुळ्याची डिसेंबर २०२३ च्या अखेरीस. परंतु मागास प्रवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता आणि प्रभागरचनेचे वाद होते. राज्यभरच्या निवडणुका अडल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला, पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत घालून दिली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. तोवर दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. रस्ते झाडले जात होते, पाणी सुटत होते, पण नळाला पाणी आले नाही तर ज्याच्या दारात जाऊन हाक मारावी असा निवडून दिलेला माणूस नव्हता. कर ठरवताना, खर्च मंजूर करताना "का?" असे विचारणारा हात सभेत नव्हता. चांगला अधिकारी चांगला कारभार करील. पण त्याला पाच वर्षांनी आपल्या दारात मत मागायला यायचे नसते.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सूचना करतो. वर्गप्रमुखाची निवड दोन प्रकारे करून दाखवा. समजा ४५ मुलांचे तीन गट केले, प्रत्येकी १५ चे. पहिल्या दोन गटांत एका बाजूला आठ-आठ मते पडली आणि दुसरीला सात-सात. तिसऱ्या गटातली पंधराही मते दुसऱ्या बाजूला गेली. प्रतिनिधींच्या सभेत पहिली बाजू दोनास एक अशी जिंकेल. पण सगळी मते मोजली तर तिच्याकडे फक्त १६ आणि दुसरीकडे २९! मुलांना दोन्ही निकाल फळ्यावर लिहू द्या आणि कोणती रीत बरी, यावर त्यांनाच भांडू द्या. नागरिकशास्त्राचे दहा धडे वाचून जे कळणार नाही, ते या एका तासात कळेल.

आणि आबांसारख्या श्रोत्यांना एवढेच सांगणे. तुमचा मुलगा, मुलगी, भाऊ शहरात राहतात. त्यांना म्हणा, मत मागायला येणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. दर महिन्याच्या सभेला तुम्ही हजर राहाल का? आमच्या प्रभागाला अंदाजपत्रकात काय मिळाले ते येऊन सांगाल का? आणि महापौर निवडताना हात कोणासाठी वर केला, व का केला, ते चौकात उभे राहून बोलाल का?

महापौराचे बटन यंत्रावर नाही, हे खरे. परंतु त्याच्या चार किल्ल्या मतदाराच्या हाती असतात. त्या चारही मोजून, पारखून वापराव्यात.