‘मॉकिंगजे’: जखमा न पुसणारा शेवट

सुझान कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ त्रयीतलं शेवटचं पुस्तक, ‘मॉकिंगजे’, २०१० साली आलं. माझ्या वाचनालयातल्या मुली अजूनही नायिका कॅटनिससाठी पीटा की गेल यावर भांडतात. मी त्यांना सत्ताधारी कॅपिटॉलविरुद्धच्या युद्धाकडे बघायला सांगते. गेलने आखलेल्या सापळ्यासारख्याच बॉम्बने कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते. तिथे गेलची वाट बंद होते. कॅपिटॉलने विष टोचून पीटाच्या आठवणी नासवलेल्या असतात. खरं काय, खोटं काय, हे तो विचारत राहतो, कॅटनिस उत्तरं देते आणि विश्वास हळूहळू परततो. हुकूमशहा स्नोऐवजी कॅटनिस बंडखोरांच्या नेत्या कॉइनवर बाण सोडते, कारण तिला तोच जुलूम पुन्हा येताना दिसतो. पुढे पीटाशी तिचा संसार होतो, तरी दुःस्वप्नं सुटत नाहीत. म्हणूनच हा शेवट मला पुरेपूर पटतो. मुलांच्या हाती तिन्ही पुस्तकं क्रमाने द्या.