गरोदरपणातील मधुमेह : दोन तासांची तपासणी, दोन जिवांची काळजी

घरात गोड बातमी कळताच पहिला उपदेश होतो तो खाण्याचा. ‘आता दोन जिवांचे खायचे,’ असे आई, सासूबाई, शेजारणी साऱ्याच सांगतात. त्यामागील माया खरी. परंतु गर्भवतीच्या रक्तातील साखर वाढलेली असेल, तर हाच उपदेश माता व बाळ दोघांनाही जड जाऊ शकतो. ही वाढलेली साखर बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. म्हणूनच वेळेवर केलेली रक्ततपासणी हाच ती ओळखण्याचा खात्रीचा मार्ग होय.

साखर का वाढते?

अन्नापासून मिळणारी साखर पेशींत पोचविण्याचे काम इन्शुलिन करते. गर्भाचे पोषण करणारी वार काही संप्रेरके निर्माण करते व त्यांमुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्शुलिन तयार करून ही तूट भरून काढते. ज्यांना ते साधत नाही, त्यांच्या रक्तात साखर साचू लागते. घराण्यात मधुमेह असणे, वजन किंवा वय अधिक असणे, यांमुळे ही शक्यता वाढते.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळाचेच स्वादुपिंड जादा इन्शुलिन बनवू लागते, बाळ प्रमाणाबाहेर वाढते आणि प्रसूती अवघड होते. जन्मानंतर नाळ कापताच आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे जादा इन्शुलिन काही काळ तसेच राहते. त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची साखर धोकादायकरीत्या घसरू शकते.

तपासणी केव्हा व कशी?

भारत सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी गरोदरपणातील पहिल्याच भेटीत करावयाची असते. ती निर्दोष आल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान दुसरी करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यावयाचे व दोन तासांनी रक्त तपासावयाचे. साखर प्रति डेसिलिटर १४० मिलिग्रॅम किंवा अधिक आढळल्यास गरोदरपणातील मधुमेह समजतात. या पद्धतीत उपाशीपोटी असण्याची अट नाही. काही रुग्णालयांत पद्धत वेगळी असते. तेथे डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे जावे.

या सोप्या पद्धतीचा आग्रह धरणारे चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांचा १० मार्च हा जन्मदिवस आपल्या देशात या आजाराविषयीचा जागृती दिन म्हणून पाळला जातो. ज्या शाखेत गर्भवती सहकारी असेल, तेथील शाखाधिकाऱ्यांनी तिला या दोन तासांची सवलत आपणहून द्यावी, ही विनंती.

आहार, व्यायाम आणि औषध

निदान झाले म्हणजे उपाशी राहावयाचे, असे नव्हे. तीन बेताची जेवणे व मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, अशी विभागणी करावी. भाकरी किंवा पोळीबरोबर वरण, उसळ, पालेभाजी व ताक असावे. भात मोजका घ्यावा. ‘गूळ चालतो’ हा समज चुकीचा आहे; गूळ व मध हीदेखील साखरच. रसाऐवजी अख्खे फळ खावे. डोहाळजेवणाचा आनंद जरूर घ्यावा, परंतु गोडाचा आग्रह कोणी करू नये. डॉक्टरांची हरकत नसल्यास जेवणानंतर थोडे चालावे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या भगिनींना याची अधिकच गरज आहे.

सर्वसाधारणपणे उपाशीपोटी साखर ९५ च्या आत व जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत असावी. अनेकींना एवढ्या पथ्याने हे साधते. दोन आठवड्यांत न साधल्यास डॉक्टर औषध किंवा इन्शुलिन सुरू करतात. साखर फारच अधिक असल्यास ते लगेचही द्यावे लागते. ‘इन्शुलिन एकदा लागले की जन्माचे लागले,’ या भीतीने ते नाकारू नये. बहुतेक मातांचे ते प्रसूतीनंतर बंद होते. मात्र इन्शुलिन घेत असताना घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी पाण्यात तीन चमचे ग्लुकोज घालून त्वरित प्यावे व डॉक्टरांना कळवावे.

बाळंतपणानंतर

बाळाला शक्य तितक्या लवकर अंगावर पाजावे. त्याने बाळाची साखर सावरण्यास मदत होते. प्रसूतीनंतर आईची साखर बहुधा पूर्ववत होते आणि येथेच दुर्लक्ष घडते. अशा मातांना पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह जडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो. म्हणून सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करावी व पुढेही साखर नियमितपणे तपासत राहावी. शिरा व डिंकाचे लाडू किती घ्यावेत, हेही डॉक्टरांना विचारावे. बाळाच्या लसीकरणाची तारीख घरातील सर्वजण लक्षात ठेवतात. त्याच कागदावर आईच्या तपासणीचीही तारीख लिहून ठेवावी.