‘कझिन’ आणि कानडी नातीं

महाभारताची कथा इंग्रजींतून वाचणाऱ्या परक्या वाचकाची एके ठिकाणीं हटकून गफलत होते. दुर्योधन हा अर्जुनाचा ‘कझिन’. श्रीकृष्ण हाही ‘कझिन’. आणि अर्जुनानें जिचें हरण केलें ती सुभद्राही त्याची ‘कझिन’च! ज्याच्याशीं अठरा दिवस लढावयाचें तो, त्या लढाईंत ज्यानें घोडे हांकावयाचे तो आणि जिच्याशीं लग्न लावावयाचें ती, अशा तिघांना मिळून एकच नांव. धारवाडच्या शाळकरी पोरास हीच गोष्ट कानडींत सांगावी. त्याचा मुळींच घोटाळा होत नाहीं. त्याच्या लेखीं दुर्योधन हा ‘दायादि’, कृष्ण हा ‘भाव’ आणि सुभद्रा ही ‘सोदरमावन मगळु’, म्हणजे मामाची मुलगी. कुंती ही वसुदेवाची बहीण होती, हें त्याला निराळें समजावून द्यावें लागत नाहीं. तें त्या शब्दांतच आलें.

इंग्रजी शब्दाचें हें दारिद्र्य जन्मजात मात्र नव्हे. त्याचें मूळ लॅटिन ‘कॉन्सोब्रिनुस’ ह्या शब्दांत आहे, आणि त्याचा पहिला अर्थ दोघी बहिणींचीं मुलें, म्हणजे आपलीं मावस भावंडें, एवढाच होता. चुलतभावासाठीं ‘पात्रुएलिस’ आणि आते-मामेभावासाठीं ‘आमितिनुस’ असे वेगळे शब्द रोमन लोकांपाशीं होते. पुढें पहिल्या शब्दानें बाकीच्यांची जागा बळकावली आणि तो फ्रेंचमार्गें इंग्रजींत आला. तेथें तो इतका सैल झाला कीं शेक्सपिअरचा राजा क्लॉडियस आपल्या सख्ख्या पुतण्यास, हॅम्लेटास, त्याच नांवानें हांक मारतो. आज तो आईबापांच्या भावंडांच्या मुलांपुरता वापरतात. आजी-आजोबांच्या भावंडांचीं नातवंडें तीं ‘सेकंड कझिन’. ‘वन्स रिमूव्हड’ म्हणजे नातें तुटलेलें असें कित्येक जण समजतात. वस्तुतः त्याचा अर्थ एका पिढीचें अंतर एवढाच. मुलगा कीं मुलगी, वडील कीं धाकटा, आईकडचा कीं बापाकडचा, ह्यांपैकीं एकही गोष्ट हा शब्द सांगत नाहीं.

कानडी घरांत बापाचा भाऊ तो ‘दोड्डप्प’ किंवा ‘चिक्कप्प’, म्हणजे मोठा बाप किंवा धाकटा बाप. आईची बहीण तशीच ‘दोड्डम्म’ किंवा ‘चिक्कम्म’. जे बाप आणि ज्या आया, त्यांचीं मुलें अर्थातच भावंडें! म्हणून चुलत आणि मावस भावंडांना तेथें अण्ण, तम्म, अक्क, तंगि असेंच म्हणतात, मागें विशेषण लावीत नाहींत. आत ती ‘अत्ते’ आणि मामा तो ‘माव’. त्यांचीं मुलें मात्र भावंडें नव्हत. त्यांतला वडील मुलगा ‘भाव’, धाकटा ‘मैदुन’. वडील मुलगी ‘अत्तिगे’, धाकटी ‘नादिनि’. प्रांतपरत्वें ह्यांत थोडाफार फरक पडतो. हेच शब्द मेहुणा, भावजय ह्या नात्यांनाही लागतात, आणि ‘माव’ म्हणजे सासरा, ‘अत्ते’ म्हणजे सासू असाही अर्थ आहे. सासू ही बहुधा आतच असे. तिला दुसरें नांव कशाला शोधावयाचें?

मराठी वाचकास ह्यांत फारसें परकें वाटूं नये. आपल्या जुन्या घरांतील सून सासऱ्यास ‘मामंजी’ आणि सासूस ‘आत्याबाई’ म्हणत असे, तें उगीच नव्हे. ‘मेहुणा’ आणि ‘मैदुन’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘मैथुन’ ह्या एकाच मुळावरचे. तथापि आपण मामेबहीण, आतेबहीण म्हणून ‘बहीण’ हा शब्द चिकटवितों आणि पुष्कळ जातींत त्याच मामेबहिणीशीं लग्नही लावीत आलों, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

परंतु हा केवळ कोशाचा प्रश्न नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें निषिद्ध नात्यांच्या यादींत बहीण-भावाचीं, दोघां भावांचीं आणि दोघी बहिणींचीं मुलें एकाच ओळींत बसविलीं आहेत. मात्र दोन्ही पक्षांची रूढि अनुकूल असेल तर असा विवाह मान्य केला आहे. आतां कर्नाटकांतील पुष्कळ जातींची रूढि मामाच्या मुलीस अनुकूल आहे, चुलत्याच्या मुलीस नाहीं. साक्षीदारानें ‘मावन मगळु’ म्हटलें आणि दुभाष्यानें ‘कझिन’ लिहिलें, तर ज्यावर निकाल अवलंबून तेंच कागदांतून गळालें. ‘तंगि’चें ‘सिस्टर’ केलें तर त्याहून वाईट. वारसाच्या दाव्यांत चुलतबहीण सख्खी होऊन बसते. कोशांत ‘दायादि’ हा प्रतिशब्द सांपडतो खरा, पण त्याला आपल्या ‘भाऊबंदा’सारखा वांटणीचा आणि कलहाचा वास आहे; मावशीच्या मुलास तो लावतां येत नाहीं.

वैद्यक मात्र इंग्रजी शब्दाच्या बाजूचें. चुलत असो, मावस असो कीं मामे असो, अशा दोघांत अनुवंशाचा सरासरी आठवा हिस्सा समान असतो. मामा आणि भाची ह्यांच्यांत चौथा. संततींतील कांहीं आनुवंशिक रोगांचा संभव त्या मानानें वाढतो, आणि रूढीनें ज्यास बहीण म्हटलें नाहीं तेथें तो कमी होत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत कर्नाटकांतील विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारे २७ जणींचे विवाह रक्ताच्या नात्यांत झालेले आढळले. ‘भाव’ आणि ‘अण्ण’ ह्यांतील भेद घराला कळतो, रक्ताला कळत नाहीं, हें डॉक्टरास तेथें समजावून सांगावें लागतें.

बंगळूरच्या घरांतून आतां ‘कझिन’ हा शब्द कानडी बोलण्यांतही सर्रास येतो. पण नुसत्या ‘कझिन’नें समाधान होत नाहीं, म्हणून कोणी ‘कझिन ब्रदर’, कोणी ‘कझिन सिस्टर’ असें जोडून बोलतात. इंग्रजी व्याकरणकार त्यावर लाल रेघ ओढील. कानडी आजी दुसऱ्याच कारणासाठीं ओढील: मामाची मुलगी ‘सिस्टर’ कशी?