हॅम रेडिओचा अँटेना गच्चीवर कसा लावायचा? अँटेना, पोल, केबल आणि अर्थिंगची सोप्या भाषेत माहिती

मे महिन्यातली संध्याकाळ आठवा. मंठ्यावर काळे ढग येतात, वादळ सुटतं, लाईट जाते आणि थोड्या वेळाने मोबाईलच्या कोपऱ्यातली रेंजची दांडीही जाते. हातात महागडा फोन असतो, पण शेतात गेलेल्या वडिलांना एक कॉल लागत नाही. कारण तुमचा फोन दुसऱ्या फोनशी थेट बोलत नाही. तो टॉवरशी बोलतो. टॉवरची बॅटरी संपली की तुमची चार्ज केलेली बॅटरी काही कामाची नाही.

हॅम रेडिओ म्हणजेच हौशी रेडिओ इथेच वेगळा ठरतो. यात एक माणूस दुसऱ्या माणसाशी थेट बोलतो. मध्ये कंपनी नाही, रिचार्ज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, मंठ्यापासून पावणेदोनशे किलोमीटरवर किल्लारीला भूकंप झाला. त्या आपत्तीत हॅम मंडळींनी आपले सेट लावून निरोप पोहोचवले. २००१ चा गुजरातचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी, या वेळीही तेच झालं.

पण रेडिओ सेट कितीही भारी घेतला तरी खरं काम करतो तो अँटेना. आज त्याचीच माहिती घेऊया.

आधी परवाना, मग बटण

भारतात हॅम रेडिओवर बोलायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. वय किमान १२ वर्षं पाहिजे आणि एक परीक्षा द्यावी लागते. परीक्षेचे दोन प्रकार आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम दोन्हीत विचारतात, जनरलला मोर्स कोडही येतो. पास झालात की तुम्हाला स्वतःचं कॉलसाईन मिळतं. ते बहुतेक व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होतं.

ऑनलाईन दोन-अडीच हजारात वॉकीटॉकी दिसतो म्हणून मागवून बोलायला लागू नका. विनापरवाना प्रसारण हा गुन्हा आहे. २०२५ मध्ये अशा सेटच्या ऑनलाईन विक्रीबद्दल केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियमावलीही आणली. आपली गडबड नेमकी पोलीस किंवा रुग्णवाहिकेच्या वारंवारितेवर झाली तर काय होईल, याचा विचार करा.

फोनला अँटेना कुठाय?

फोनला अँटेना असतो, फक्त आत लपलेला असतो. तो लपू शकतो याचं कारण लांबी. रेडिओ लहरीची लांबी काढायचं सूत्र सोपं आहे: ३०० भागिले मेगाहर्ट्झमधली वारंवारिता, उत्तर मीटरमध्ये. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झला लहर येते ३३ सेंटीमीटरची. तिचा चौथा हिस्सा म्हणजे ८ सेंटीमीटर. तेवढं फोनच्या कडेला सहज बसतं.

हॅम मंडळींचा सगळ्यात लोकप्रिय पट्टा म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. इथे लहर साधारण २ मीटरची, म्हणून याला 'टू मीटर बँड' म्हणतात. दुसरा आवडता पट्टा ७ मेगाहर्ट्झचा, त्याची लहर जवळपास ४० मीटरची. लहर लांब, तर अँटेना लांब. सगळा खेळ इथून सुरू होतो.

पहिला अँटेना: डायपोल

डायपोल म्हणजे मधोमध तोडलेली सरळ तार किंवा नळी. एका तुकड्याला केबलची आतली तार जोडायची, दुसऱ्याला बाहेरची जाळी. पूर्ण लांबी अर्ध्या लहरीइतकी. प्रत्यक्षात ती थोडी कमी लागते, म्हणून सूत्र वापरतात: १४३ भागिले मेगाहर्ट्झ.

१४५ मेगाहर्ट्झसाठी: १४३ ÷ १४५ = ०.९८६ मीटर. म्हणजे प्रत्येक बाजू साधारण ४९ सेंटीमीटर. दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या, मध्ये पीव्हीसी पाईपचा तुकडा, दोन नटबोल्ट, झालं. हातातले सेट उभ्या अँटेनावर चालतात, म्हणून हा डायपोलही उभाच लावा आणि केबल काही अंतर आडवी बाहेर काढून मग खाली आणा.

एक लक्षात ठेवा: कापताना दोन सेंटीमीटर जास्त ठेवा. जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं जोडत बसावं लागतं. लांबी बरोबर आहे का हे एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. आकडा १.५ च्या आत म्हणजे छान, २ पर्यंत चालून जातं. २ ला साधारण ११ टक्के ताकद परत फिरते. आकडा ३ च्या वर दाखवत असेल तर बटण दाबून बोलू नका, सेटचा ताकदीचा भाग तापून उडू शकतो.

केबल: इथेच पैसे वाया जातात

बरेच जण सेटवर खर्च करतात आणि घरी पडलेली डीशची केबल जोडतात. डीशची आरजी-६ केबल ७५ ओहमची असते, हॅम सेट ५० ओहमचा. नुसतं ऐकायला ती मस्त चालते. कमी ताकदीवर बोलतानाही एकदम काही जळत नाही. पण कायमचं काम करायचं तर ५० ओहमचीच घ्या.

त्यातही जाडी बघा. आरजी-५८ ही बारीक केबल स्वस्त मिळते. पण १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ मधून जाताना सिग्नलचा जवळपास चौथा हिस्साच वर पोहोचतो. ५ वॉटचा सेट असेल तर अँटेनाला मिळतात सव्वा वॉटच्या आसपास! बाकीची ताकद केबलला गरम करण्यात जाते. तेवढ्याच लांबीच्या जाड आरजी-२१३ मधून निम्म्याहून थोडी जास्त ताकद वर जाते. ७ मेगाहर्ट्झला मात्र आरजी-५८ सुद्धा चालते, कारण वारंवारिता कमी असली की गळतीही कमी.

म्हणून केबल शक्य तितकी लहान ठेवा. आणि वरच्या जोडाला पाणी जाऊ देऊ नका. साधी काळी चिकटपट्टी आपल्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात सुटते. रबरी ताणपट्टी आधी, तिच्यावर काळी पट्टी, आणि केबलला घरात शिरण्याआधी खाली एक झोका द्या. पाणी त्या झोक्यावरून गळून पडतं, भिंतीत शिरत नाही.

उंची किती पाहिजे?

टू मीटरच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेतच जातात. सपाट जमिनीवर रेडिओचं क्षितिज काढायचं सूत्र: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ गुणिले ४.१२, उत्तर किलोमीटरमध्ये.

समजा मंठ्यातल्या दुमजली घरावर छोटा पोल लावून अँटेना ९ मीटरवर गेला. क्षितिज आलं १२ किलोमीटर. समोरच्याचाही अँटेना ९ मीटरवर असेल तर दोन्ही मिळून २५ किलोमीटर. सरळ रेषेत परतूर यात सहज बसतं. जालना मात्र सरळ रेषेत पन्नासहून जास्त किलोमीटर आहे. तिथे थेट पोहोचायला दोन्हीकडे ४५ मीटरचे टॉवर लागतील! उंची दुप्पट केली तरी अंतर दीडपटही वाढत नाही. टॉवरच्या मागे लागण्याआधी हे गणित नक्की करा. लांबच्या गप्पांसाठी हॅम मंडळी डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर लावतात. तो सिग्नल पकडून पुन्हा सोडतो.

टॉवर नको, तार पुरे

आता खरी गंमत बघा. ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल येतो २० मीटरचा, म्हणजे प्रत्येक बाजू १० मीटर. घरातल्या वायरिंगची तांब्याची दीड एमएमची वायर चालते. मधला भाग गच्चीच्या पोलवर ७-८ मीटर उंच बांधायचा आणि दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने खाली ओढून बांधायची. आकार होतो उलट्या व्ही सारखा. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत एवढी वर ठेवा, कारण बोलताना टोकाला चटका बसण्याइतका दाब असतो.

एवढ्या कमी उंचीवर हा अँटेना बरीचशी ताकद सरळ आकाशात फेकतो. वाटेल की फुकट गेली. पण २५०-३०० किलोमीटर वर आयनांबर नावाचा थर आहे. दिवसा तो थर ती लहर परत खाली पाठवतो आणि ती काही शे किलोमीटरच्या घेरात पसरते. मंठ्याहून पुणे सरळ रेषेत ३०० च्या आसपास, मुंबई ३७० च्या आसपास. म्हणजे जालन्यापर्यंत थेट न पोहोचणारा माणूस एका वायरवर मुंबईशी बोलू शकतो!

पोल आणि आपली काळी माती

नवशिक्यांनी पोल जमिनीत न रोवता भिंतीला किंवा कठड्याला धरावा, हे बरं. कारण आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्यात नुसता खड्डा करून उभा केलेला पोल एका वर्षात कलतो. जमिनीतच लावायचा असेल तर मुरूम लागेपर्यंत खोल जाऊन सळई घातलेलं काँक्रीट भरा.

साध्या जीआय पाईपला तीन बाजूंनी ताणाच्या तारा द्या, सारख्या अंतराने. खालचा खुंटा पोलच्या उंचीच्या निदान ६० टक्के अंतरावर असावा. अगदी बुडाशी बांधलेली तार वाऱ्यात काही धरत नाही. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, तारांचा ताण आणि क्लॅम्पचे नट तपासा.

इथे जीव जाऊ शकतो

ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. वीस फुटी लोखंडी पाईप आडव्याचा उभा करताना हातातून निसटला आणि बाजूच्या ११ केव्हीच्या तारेवर पडला, तर खाली धरणारे सगळे त्यात सापडतात. रबरी चप्पल वाचवत नाही. नियम एकच: पोल कोणत्याही दिशेने पूर्ण पडला तरी विजेच्या तारेला लागता कामा नये. पोलची उंची आणि वर अँटेनाची लांबी, एवढं अंतर सगळ्या बाजूंनी मोकळं नसेल तर तिथे पोल लावूच नका. एकट्याने, वाऱ्यात किंवा अंधारात काम करू नका.

दुसरी भीती आभाळातल्या विजेची. मराठवाड्यात पावसाळ्याआधी आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं, जनावरं जातात. म्हणून:

१. पोलला जाड तांब्याच्या तारेने किंवा पट्टीने अर्थिंग द्या आणि ते घराच्या अर्थिंगशी जोडा. दोन वेगळी अर्थिंग असली की वीज पडल्यावर त्यांच्यातला फरक तुमच्या सेटमधून वाट काढतो.

२. काळ्या मातीत ओल असेपर्यंत अर्थिंग चांगलं चालतं. उन्हाळ्यात रॉडभोवती भेग पडते आणि संपर्क सुटतो. तेव्हा खड्ड्यात पाणी घाला.

३. केबलवर सर्ज अरेस्टर लावा. पण तो जवळपास पडलेल्या विजेचा झटका कमी करतो, थेट पडलेली वीज अडवत नाही.

४. ढग दिसले की केबल सेटमधून काढा आणि तोंड घराबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाला असेल तर केबलला हातही लावू नका.

५. फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप ठेवा, ते आजूबाजूच्या विजांचा इशारा देतं. ॲप नसेल तर मोजा: चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्चीवर जाऊ नका.

सुरुवात आजच, फोनवरून

खर्चाआधी कान तयार करा. फोनच्या ब्राउझरमध्ये वेबएसडीआर शोधा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर २००८ पासून लोकांना मोफत ऐकायला मिळतो. रात्री ७ मेगाहर्ट्झला जगभरची मंडळी कशी बोलतात, कॉलसाईन कसं सांगतात, ऐका. मग परीक्षेचा अभ्यास, मग ४९-४९ सेंटीमीटरच्या दोन नळ्या आणि त्यानंतर सेट. हा क्रम उलटा करू नका.

आणि एक काम नक्की करा. आज संध्याकाळी गच्चीवर जा आणि फक्त वर बघा: विजेच्या तारा किती लांब आहेत? हे अंतर मोजून वहीत लिहिलंत की तुमच्या अँटेनाचं पहिलं काम झालं.